आपली लादी, त्यांचं छत

मुलाचा निकाह डिसेंबरात करायचं ठरलं आणि घरात सगळ्यांत आधी विषय निघाला तो लादीचा. दावत, कपडे, दागिने हे सगळं नंतर. शहाडचं आमचं घर १९९३ सालच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. अब्बांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ते घेतलं. तेव्हापासून हॉलमध्ये तीच मोझॅकची लादी, काळपट पडलेली, दोन ठिकाणी तडकलेली. सून येणार, तिच्या माहेरची माणसं येणार, आणि त्यांनी ही लादी पाहायची? मी मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. चार बाय दोनच्या चकचकीत विट्रिफाइड टाइल्स, हॉलला पीओपीचं छत, त्यात कडेने लपवलेले दिवे आणि बाथरूमला वरपर्यंत टाइल्स.

मुकादम रविवारी येऊन माप घेऊन गेला. जुनी लादी उखडायची नाही, तिच्यावरच माल टाकून नवी बसवायची, म्हणजे धूळ कमी आणि मजुरीही कमी. "भाभी, टेन्शन मत लो, आठ दिन में घर चमका दूँगा," असं म्हणाला. आम्ही दहा हजार रुपये बयाणा दिला.

दोनच दिवसांनी, मंगळवारी २० मे २०२५ ला दुपारी, कल्याण पूर्वेत सप्तशृंगी नावाच्या इमारतीत चौथ्या मजल्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे मजले फोडत तळापर्यंत गेला. सहा माणसं गेली. चौथ्या मजल्यावरच्या घरात त्या वेळी लादीचं काम चालू होतं. पुढे त्या फ्लॅटमालकावर गुन्हाही दाखल झाला. कल्याण म्हणजे आमच्यापासून एक स्टेशन. रात्री घरात टीव्हीवर तेच चालू होतं आणि अम्मी, माझ्या सासूबाई, टेबलावर पडलेल्या टाइलच्या नमुन्याकडे बघत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. यांनी तो नमुना उचलून दाराआड ठेवला.

या पट्ट्यात राहणाऱ्यांना अशा बातम्या नव्या नाहीत. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत मोहिनी पॅलेस आणि साईसिद्धी या दोन इमारतींचे स्लॅब असेच वरून खालपर्यंत कोसळले. साईसिद्धीत सात जण दगावले. भिवंडीची जिलानी इमारत, शिळफाट्याचं लकी कंपाउंड ही नावं तर आपल्या घराघरांत आजही निघतात. पण इतकी वर्षं मी या बातम्या बिल्डर आणि महापालिका यांच्या खात्यावर टाकून मोकळी होत होते. कल्याणच्या बातमीत मला पहिल्यांदाच एक घर दिसलं. माझ्यासारखंच, लादी बदलणारं.

दुसऱ्या दिवशी हे खालच्या मजल्यावर गेले. आमच्या बाथरूमच्या बरोबर खाली त्यांचं स्वयंपाकघर. खालच्या वहिनी आमच्या चांगल्या परिचयाच्या. ईदला शीरखुर्मा खाली जातो, दिवाळीला फराळ वर येतो. पण त्यांच्या स्वयंपाकघराचं छत आम्ही कधी पाहिलं नव्हतं, कारण त्यांनी पाच वर्षांपूर्वी तिथे पीव्हीसीच्या पट्ट्यांचं पांढरं शुभ्र छत लावून घेतलं होतं. यांनी विचारलं, "वहिनी, याच्या वर काय आहे?" त्या जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या मोरीचं पाणी ठिबकायचं. पोपडे जेवणात पडायचे. तेव्हा तुमच्या अब्बांचं आजारपण चालू होतं, म्हणून मीच म्हटलं, कशाला सांगायचं आता. झाकून टाकलं."

सुताराला बोलावून दोन पट्ट्या काढल्या. मी खाली जाऊन मान वर केली. साधारण पाटाएवढ्या जागेत सिमेंटचा थर गळून गेला होता आणि आतल्या सळ्या उघड्या होत्या. तांबूस, फुगलेल्या, हात लावला तर पापुद्रे निघत होते. त्याच्या बरोबर खाली वहिनींचा गॅस. त्याच्या शेजारी नातवाची उंच खुर्ची.

शेजाऱ्याच्या हक्कावर जुम्याच्या खुत्ब्यात किती वेळा ऐकलं असेल. पण शेजारी म्हटलं की डोळ्यांपुढे बाजूचं दार यायचं. आपण ज्यावर उभे आहोत ते कुणाचं तरी छत आहे, हे कधी डोक्यातच आलं नाही. रोज पाच वेळा वुजू करताना जे पाणी आम्ही सोडत होतो, त्यातलं थोडं थोडं त्या सळ्यांवर जात होतं.

स्लॅब कसा खराब होतो, हे नंतर इंजिनिअरनी आम्हाला समजावलं. ते प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक असायला हवं, म्हणून इथे सांगते. काँक्रीट दाब सोसतं, पण ताण सोसत नाही. ताण सळ्या सोसतात. नवं काँक्रीट खारट नसेल आणि नीट भरलेलं असेल, तर त्याच्या आतल्या क्षारीय गुणामुळे सळ्यांना गंज धरत नाही. वर्षं जातात तशी हवेतली कार्बन डायऑक्साइड आत शिरते, हा गुण कमी होतो. त्यात पाणी झिरपलं की गंज सुरू. आणि गंजलेलं लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतं. ते आतून फुगतं, वरचा थर ढकलतं, मग भेग पडते, पोपडा सुटतो, आणि उघड्या सळीला आणखी हवा-पाणी मिळतं. म्हणजे छताचा पोपडा पडणं ही सुरुवात नव्हे. आत बरीच वर्षं काहीतरी चाललेलं असतं, त्याची ती उशिरा आलेली खबर.

उल्हासनगरात हा विषय निघाला की 'उलवा रेती' हा शब्द हटकून ऐकू येतो. नव्वदच्या दशकात घाईघाईने उभ्या राहिलेल्या कितीतरी इमारतींना हलक्या प्रतीची रेती वापरली गेली, असं इथे सगळेच सांगतात. खाडीची रेती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ काँक्रीटमध्ये जातं, आणि मीठ असलं की सळीला गंज लवकर धरतो. आमच्या इमारतीत कोणती रेती आहे हे सांगायला आज कोणी शिल्लक नाही. बिल्डर केव्हाच गेला, कागद कुणाकडेच नाहीत.

कायद्यात याची सोय आहे. मुंबईबाहेरच्या महापालिकांसाठी जो महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम आहे, त्याच्या कलम २६५-अ प्रमाणे इमारतीला ३० वर्षं झाली की महापालिकेच्या यादीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेऊन तसा दाखला देणं मालक-रहिवाशांवर बंधनकारक आहे. शहाडात आणखी एक गोम आहे. स्टेशनच्या आसपास दोन महापालिकांची हद्द लागते, एका अंगाला उल्हासनगर आणि दुसऱ्या अंगाला कल्याण-डोंबिवली. आपली घरपट्टी कुठे जाते ते पाहून त्याच महापालिकेची यादी मागायची. आमच्या इमारतीला ३२ वर्षं झाली होती आणि हा दाखला काय असतो हे सोळापैकी एकाही घराला माहीत नव्हतं.

मग बैठका. त्यांचं सगळं सांगत बसत नाही, ज्यांनी इमारतीत राहून पाहिलंय त्यांना कल्पना आहे. सोसायटी नोंदलेली नाही. तिघे भाडेकरू म्हणाले, आमचा काय संबंध. एक काका म्हणाले, तपासणी केली की महापालिका इमारत धोकादायक ठरवणार आणि आपण रस्त्यावर येणार, त्यापेक्षा गप्प बसा. ही भीती खोटी नाही. पुनर्विकासाच्या नावाने वर्षानुवर्षं भाड्याने राहणारी कुटुंबं आपण पाहतोच. पण तपासणीचा निकाल 'रिकामं करा' एवढाच नसतो. इमारती चार गटांत बसवतात. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी. सी-२ए म्हणजे काही भाग किंवा पूर्ण रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे घरं न सोडता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. लवकर तपासलं तर खालच्या गटात बसण्याची आशा असते. गप्प बसलं तर इमारत स्वतःच एक एक पायरी वर चढत जाते. सोळापैकी अकरा घरांनी पैसे काढले आणि काम सुरू झालं.

तपासणी पाहण्यासारखी असते. इंजिनिअर साध्या हातोडीने छतावर टकटक करत जातात. खणखणीत आवाज आला तर ठीक, पोकळ 'डब' आवाज आला तिथे खडूने गोल. मग रिबाउंड हॅमर नावाचं नळकांडं दाबून काँक्रीटचा कठीणपणा मोजतात, अल्ट्रासोनिक यंत्राने आतली पोकळी शोधतात. मला सगळ्यांत आवडली ती गुलाबी रंगाची चाचणी. काँक्रीटचा ताजा टवका काढून तिथे फिनॉल्फ्थॅलिन नावाचं पाण्यासारखं औषध फवारतात. काँक्रीट निरोगी असेल तिथे झटकन गुलाबी होतं, त्याचा गुण गेलेला असेल तिथे रंगच येत नाही. आमच्या हॉलच्या छताला गुलाबी रंग सळीच्या आधीच आला. अल्हमदुलिल्लाह. वहिनींच्या स्वयंपाकघरात आमच्या बाथरूमखाली कोराच राहिला.

तिथल्या एका सळीचा व्यास मोजला. मूळची आठ मिलिमीटरची सळी सहावर आली होती. "फक्त दोनच मिलिमीटर ना?" असं हे म्हणाले. इंजिनिअरनी कागदावर गणित मांडून दाखवलं: व्यास पाव हिश्श्याने कमी झाला तरी सळीचा काप वर्गाच्या हिशेबाने घटतो, चौसष्टाचा छत्तीसवर येतो. म्हणजे त्या ठिकाणी सळीची ताकद जवळपास निम्मी गेली होती.

आता मूळ बेताकडे, म्हणजे माझ्या चकचकीत लादीकडे. मी भीतभीतच विचारलं. त्यांनी पुन्हा गणितच मांडलं. दहा बाय बाराच्या खोलीत जुन्या लादीवर दीड इंच सिमेंट-रेतीचा माल आणि त्यावर टाइल बसवली, तर दर चौरस मीटरला साधारण शंभर किलो वजन वाढतं. पूर्ण खोलीत अकराशे किलो. घरातल्या माणसांचं आणि सामानसुमानाचं वजन म्हणून आयएस ८७५ या भारतीय मानकात चौरस मीटरला दोनशे किलो धरलेले असतात. म्हणजे पाहुणा घरात येण्याआधीच त्यातली अर्धी जागा लादीने खाल्ली. बरं, जुनी उखडून नवी बसवावी, तर ब्रेकर मशीनचा धक्का गंजलेल्या स्लॅबला बसणार. आणि उखडलेलं राबिट आणि नव्या सिमेंटच्या गोण्या मजूर सोयीसाठी एकाच कोपऱ्यात, नाहीतर खोलीच्या मधोमध रचून ठेवतात. पन्नास किलोच्या वीस गोण्या म्हणजे एक टन, एका पलंगाएवढ्या जागेत.

वजनाचा हा हिशेब एकदा डोक्यात बसला की आपलं घर वेगळंच दिसायला लागतं. आपल्याकडे हॉल आणि आतली खोली वेगळी असावी, पाहुणे पुरुष आले तर घरातल्या बायकांना मोकळेपणा राहावा, म्हणून मध्ये भिंत घालण्याची फार हौस. चार इंची विटांची नऊ फूट उंच, दहा फूट लांब भिंत दीड टनाच्या आसपास जाते, आणि ती बऱ्याचदा खाली तुळई आहे की नाही हे न पाहता नुसत्या स्लॅबवर उभी केलेली असते. हेच काम जाड पडदा करतो, फार तर प्लायचा पार्टिशन. पाणी ठरावीक वेळेला येतं म्हणून आपण बाथरूमच्या माळ्यावर पाचशे लिटरची टाकी चढवतो, म्हणजे अर्धा टन. खिडकीबाहेरच्या लोखंडी ग्रिलमध्ये कुंड्या, जुनी शिलाई मशीन आणि गहू-तांदळाचे डबे. आमच्या ग्रिलमध्ये यातलं सगळं होतं. शिवाय अब्बांची जुनी सायकल.

पीओपीच्या छताबद्दल इंजिनिअर काही म्हणाले नाहीत. त्याचं वजन तसं फार नसतं. पण वहिनींच्या स्वयंपाकघरातलं ते शुभ्र छत पाहिल्यावर ती हौस माझी मीच सोडली. जुन्या इमारतीत छत उघडं असावं, डोळ्यांपुढे असावं. ओल आली तर डाग दिसला पाहिजे, भेग पडली तर ती रोज दिसली पाहिजे. भिंतींना पीव्हीसीचे पॅनेल लावून ओल झाकण्याची जी टूम आली आहे, तिच्याबद्दलही माझं हेच मत आहे. ओल आत तशीच राहते. फक्त आपल्याला दिसत नाही.

दुरुस्तीत पहिलं काम आमच्या बाथरूमचं. गळती थांबल्याशिवाय खालचं छत दुरुस्त करणं म्हणजे पाऊस चालू असताना गच्चीवर वाळवण घालणं. वरच्या मजल्यावरच्या सिंधी आंटींच्या बाथरूममधूनही आमच्याकडे थोडी ओल येत होती, म्हणून ते कामही सोबतच काढलं. आंटी एकट्या राहतात. त्या म्हणाल्या, "बेटा, तू अपना जैसे कराएगी, वैसे मेरा भी करा दे." नोंदलेल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये साधारण नियम असा की पावसाची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि ज्याच्या घरातल्या मोरी-संडासातून आतली गळती होते त्याने ती आपल्या खर्चाने. म्हणजे वहिनींच्या छताचा खर्च आमचा. त्या नको म्हणत होत्या. यांनी तो दिला.

मुकादमाला बोलावून सांगितलं की लादीचं काम रद्द. तो साहजिकच नाराज झाला. दोन गडी त्याने आमच्यासाठी राखून ठेवले होते, दुसरं काम सोडलं होतं. दहा हजारांतले सहा त्याने परत केले, चार ठेवले. घरात यावर थोडी वादावादी झाली. मला ते रास्त वाटलं. बेत आम्ही बदलला होता, त्याने नव्हे. आणि मोझॅकवर लादी टाकणं तो नेहमीच करत आला होता, त्याला कुणी वजनाचं गणित दाखवलं नव्हतं.

वॉटरप्रूफिंगचं काम घेणारा दुसरा ठेकेदार. त्याच्याशी मात्र आम्ही सगळं लिहून घेतलं. यावर आपल्या समाजात एक अवघडलेपण आहे. माणूस ओळखीचा, एखाद्या नातलगाने पाठवलेला, त्याच्याकडून कागदावर सही घ्यायची म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवण्यासारखं वाटतं. अम्मींनीच ते मिटवलं. त्या म्हणाल्या, कुरआनातली सगळ्यांत लांब आयत कशावर आहे? सूरह बकरातली २८२वी, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यावर आणि साक्षीदार ठेवण्यावर आहे. रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका असंही तिथे आलं आहे. मग ठेकेदारानेच हसून वही पुढे केली.

काय लिहिलं? दर फक्त मजुरीचा की मालासकट, हे पहिलं. माप कोण घेणार आणि दर चौरस फुटाला की पूर्ण बाथरूमला. जुनी टाइल छिन्नी-हातोडीने काढायची, ब्रेकर लावायचा नाही. राबिट रोजच्या रोज खाली उतरवायचं, त्याची गाडी कुणाच्या खर्चाने. सिमेंटच्या पाचपेक्षा जास्त गोण्या एका वेळी वर आणायच्या नाहीत, त्याही भिंतीकडेला वेगवेगळ्या. नवी न्हाणी ट्रॅप, पाइप कोणत्या कंपनीचे. आणि शेवटचा दहावा हिस्सा पाणी भरून ठेवण्याच्या चाचणीनंतर. ती चाचणी म्हणजे वॉटरप्रूफिंगचा थर झाला की टाइल बसवण्याआधी न्हाणीचं तोंड बंद करून बाथरूममध्ये दोन दिवस पाणी उभं ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन पाहायचं. ठेकेदार म्हणाला होता, एक रात पुरे. आम्ही दोन दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींचा फोन आला की पाइपाच्या कडेला ओल दिसतेय. एकाच रात्रीत चाचणी उरकली असती तर वरून टाइल्स बसल्या असत्या आणि ती ओल पुन्हा पाच वर्षं झाकली गेली असती. तेवढा भाग उकरून पुन्हा केला. ठेकेदाराने कुरकुर न करता केला, कारण कागदावर होतं.

मजुरीबद्दल एक सांगायचं राहिलं. घाम वाळण्याआधी मजुराला त्याचे पैसे मिळावेत ही शिकवण आपल्या लेकरांनाही पाठ असते. पण ठेक्याच्या कामात आपण पैसे ठेकेदाराला देतो आणि समाधान मानतो. शेवटच्या बिगाऱ्यापर्यंत ते पोचतात का, हे कोण पाहतं? आमच्याकडे राबिट वाहणारा पोरगा नाक्यावरून आणलेला होता, बंगालकडचा, माझ्या मुलापेक्षा लहान. दोन मजले दिवसभर चढ-उतार. तिसऱ्या दिवशी चहा देताना कळलं की त्याला अजून एक रुपया मिळालेला नाही, 'काम झाल्यावर' मिळणार आहे. तेव्हा यांनी ठेकेदाराशी बोलून ठरवलं की बिगाऱ्यांची रोजची मजुरी संध्याकाळी आमच्यासमोर द्यायची, आणि ती ठेक्याच्या हप्त्यातून वळती करायची. ठेकेदाराला थोडं लागलं असेल. लागू दे.

वहिनींच्या छताचं काम आठ दिवस चाललं. आधी लोखंडी टेकू लावले. मग सैल काँक्रीट काढून सळ्या मागच्या बाजूनेही मोकळ्या केल्या, कारण पुढून रंग आणि मागे गंज ठेवला तर काही उपयोग नाही. तारेच्या ब्रशने घासून पांढरं लोखंड दिसेपर्यंत गंज काढला, गंजरोधक थर दिला, जिथे सळी निम्म्यावर आली होती तिथे शेजारी नवी सळी जोडली, आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने थर भरला. साधं सिमेंट फासून वरून पुट्टी मारणारे कारागीर स्वस्तात मिळतात. बारा महिन्यांत तोच तुकडा पुन्हा खाली येतो, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठा. त्या आठ दिवसांत वहिनींचा स्वयंपाक आमच्याकडे झाला. दोन घरांची एक चूल, मांसाहाराचा दिवस कोणता आणि भाजीचा कोणता, सगळं त्यांच्या सोयीने.

आणि सजावट? ती झाली, कुणी वाईट वाटून घेऊ नये. पावसाळा संपल्यावर मोझॅकच्या लादीला पॉलिश करून घेतलं. यंत्र फिरवून, पाण्याने घासून, तडकलेल्या दोन लाद्या पांढऱ्या सिमेंटने भरून. नव्या टाइल्सच्या चौथ्या हिश्श्याहून कमी खर्च. तीन दिवस घरभर राखाडी चिखल होता, पण त्याखालून जे निघालं ते पाहून अम्मी म्हणाल्या, "अरे, ही तर घेतली त्या दिवशीची लादी." हिरवे, पांढरे आणि विटकरी दगडाचे दाणे. बत्तीस वर्षं मी हिला काळी समजत होते. ज्यांना नवीच लादी हवी असेल आणि इंजिनिअरची ना नसेल, त्यांनी निदान जाड मालाऐवजी चिकटवायच्या ॲडहेसिव्हवर बसवावी. वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

वायरिंग मात्र पूर्ण बदललं, आणि त्यावर पैसे घालवल्याचं मला अजिबात दुःख नाही. जुन्या तारा गीझर आणि एसीच्या भाराच्या नव्हत्याच. गीझरला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि पेटीत तीस मिलिअँपचा आरसीसीबी. ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या लेकरांच्या घरात तो हवाच. भिंतींना पुट्टी न लावता आधी महिनाभर सुकू दिलं, मग साधा फिकट रंग. नमाजच्या कोपऱ्यात खिडकीकडेला नवी चटई, भिंतीवर अब्बांनी हजहून आणलेली तसवीर पुन्हा तिच्या जागी. पडदे उल्हासनगरच्या बाजारातून, कापड घेऊन शिवलेले. फर्निचर बाजारात सागवानी रंगाचं एक भलंमोठं कपाट मला फार आवडलं होतं. यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. हलकं घेतलं, आणि ते तुळईच्या अंगाला भिंतीकडेला लावलं. अब्बांची सायकल ग्रिलमधून खाली उतरली, ती तो राबिट वाहणारा पोरगा घेऊन गेला.

निकाहच्या दिवशी सुनेच्या माहेरची माणसं आली. तिच्या खालाने लादीकडे पाहून विचारलं, ही कुठल्या कंपनीची? मी हसले. वहिनी खालून वर आल्या होत्या, त्याही हसल्या.

गच्चीचं काम अजून बाकी आहे. येत्या पावसाळ्याआधी वरचा फुटलेला कोबा काढून नवा घालायचा, आणि काढलेला खाली उतरवल्याशिवाय नवा चढवायचा नाही, असं ठरलंय. उरलेल्या पाच घरांपैकी तिघांनी पैसे दिले. चौथे काका म्हणतात, बघू. पाचव्या घराला कुलूप आहे, मालक दुबईला असतो. येत्या रविवारी असरनंतर पुन्हा बैठक आहे. आमच्याच हॉलमध्ये, आणि पंधराजणांहून जास्त जण एका वेळी बसणार नाहीत, असं मी आधीच सांगून ठेवलंय.